काम थांबलं, मिळकत थांबली : संकटकाळात स्वयंरोजगारी लोकांना मिळणारी सरकारी मदत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्याच्या एक तारखेला ज्यांच्या खात्यात पगार जमा होत नाही, त्यांच्यासाठी हे पान आहे. साथ असो, पूर असो, वादळ असो, काम ज्या दिवशी थांबतं त्याच दिवशी त्यांची मिळकत थांबते. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने कामं बंद पडली, त्यानंतरच्या दीड वर्षात अनेक देशांनी अशा लोकांसाठी घाईघाईने योजना काढल्या. काहींनी घरं तगवली. काहींनी आधी पैसे दिले आणि नंतर वसुलीच्या नोटिसा पाठवल्या. खालची बहुतेक उत्तरं त्या अनुभवातून आलेली आहेत. नियम देशागणिक बदलतात, पण लोकांना पडणारे प्रश्न आणि होणाऱ्या गफलती बऱ्याचशा सारख्याच असतात.

मी स्वयंरोजगारी म्हणून मोडतो का?

कामाचे पैसे थेट गिऱ्हाईक देत असेल, तोटा झाला तर तो तुमच्याच अंगावर येत असेल आणि तुमचा कर दुसरं कुणी पगारातून कापत नसेल, तर बहुधा हो. शिकवण्या घेणारे, गाडी चालवणारे, शिवणकाम करणारे, भाषांतरकार, सुतार, छायाचित्रकार, वादक, दुरुस्ती करणारे हे सगळे यात येतात. अ‍ॅपवरून काम घेणाऱ्यांचं मात्र अडतं. कंपनी त्यांना नोकर म्हणत नाही आणि त्यांच्या हाती धंद्याची कागदपत्रंही नसतात. योजना निघते तेव्हा तुम्ही स्वतःला काय समजता याला महत्त्व नसतं. सरकारी दप्तरात तुमची मिळकत कोणत्या रकान्यात लिहिली आहे, तेवढंच पाहिलं जातं.

पगारदारांना लगेच मदत मिळते, मग आमच्या वेळी एवढा उशीर का?

पगारदार माणसाची खबर सरकारला दर महिन्याला मिळत असते. मालक कर कापतो, भरणा करतो, पगाराचा आकडा कळवतो. मदत द्यायची ठरली की मालकाच्या हाती पैसे द्यायचे आणि त्याने ते पगार म्हणून वाटायचे, एवढाच मार्ग. स्वयंरोजगारी माणसाची खबर सरकारला वर्षातून एकदा लागते, तो विवरणपत्र भरतो तेव्हा. तोवर ती माहिती वर्ष-दीड वर्ष जुनी झालेली असते. गेल्या आठवड्यात तुमचं काम बुडालं हे सरकारला कळण्याची काही सोयच नसते.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. नोकरदारांसाठीची योजना २० मार्च २०२० ला जाहीर झाली. स्वयंरोजगारी लोकांची योजना, सेल्फ-एम्प्लॉयमेंट इन्कम सपोर्ट स्कीम, अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी २६ मार्चला जाहीर केली. अंतर सहा दिवसांचं. पण अर्ज घेणं सुरू झालं १३ मे रोजी. घोषणा ऐकून हायसं वाटलेल्या माणसाला पैसे हातात पडेपर्यंत दीड महिन्याहून जास्त काळ तग धरायचा होता. म्हणून घोषणा झाली म्हणजे पैसे आले असं धरून घरभाड्याचा वायदा करू नका.

अमेरिकेने वेगळी वाट घेतली. २७ मार्च २०२० च्या केअर्स कायद्याने बेरोजगारी भत्त्याची दारं पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या प्रमाणावर स्वयंरोजगारी लोकांसाठी उघडली. योजनेचं नाव पँडेमिक अनएम्प्लॉयमेंट असिस्टन्स. भत्ता वाटणारी यंत्रणा मात्र राज्यांची होती आणि ती पगारदारांसाठी बांधलेली. फॉर्मवर ‘मालकाचं नाव’ हा रकाना, आणि या लोकांना मालकच नाही! अनेक राज्यांना या अर्जांसाठी वेगळी व्यवस्था उभारावी लागली आणि त्यात आठवडे गेले.

रक्कम कशी ठरते?

तीन पद्धती दिसतात. तुमच्या योजनेची पद्धत कोणती हे आधी ओळखा, पुढचं बरंचसं त्यावरून समजतं.

पहिली पद्धत मागच्या नफ्याच्या टक्केवारीची. ब्रिटनने तीन करवर्षांच्या नफ्याची मासिक सरासरी काढली, तिच्या ८० टक्के रक्कम तीन महिन्यांसाठी एकदम दिली आणि कमाल मर्यादा ७,५०० पौंड ठेवली. हिशेब अर्जदाराने करायचाच नव्हता. कर खात्याने आपल्याकडच्या विवरणपत्रांवरून तो स्वतः केला आणि पात्र लोकांना कळवलं. हे मला फार मोलाचं वाटतं. काळजीने झोप उडालेल्या माणसाकडून बेरजा-वजाबाक्या करून घेण्यात काही शहाणपण नाही.

पण सरासरीत अन्यायही लपलेला असतो. तीनपैकी एका वर्षी कुणी आजारी असेल, कुणाचं बाळंतपण झालं असेल, तर त्या वर्षीचा कमी नफा सरासरी खाली ओढतो. बाळंतपणाचा मुद्दा ब्रिटनमध्ये कोर्टापर्यंत गेला.

दुसरी पद्धत सरसकट ठरावीक रकमेची. कॅनडाने चार आठवड्यांना २,००० डॉलर दिले. आयर्लंडने आठवड्याला ३५० युरो दिले आणि पुढे जून २०२० अखेरपासून आधीच्या मिळकतीप्रमाणे टप्पे केले. इटलीने मार्च २०२० साठी ६०० युरो दिले. यात हिशेब कमी आणि वेग जास्त. कमी कमावणाऱ्याला ही पद्धत फायद्याची, पण ज्याचं घरभाडंच मोठं त्याला ती अपुरी पडते.

तिसरी पद्धत धंद्याच्या खर्चाची, आणि तीच सगळ्यात जास्त फसवते. जर्मनीने २०२० च्या वसंतात ‘झोफोर्टहिल्फे’, म्हणजे तातडीची मदत, दिली. पाच माणसांपर्यंतच्या धंद्याला तीन महिन्यांसाठी ९,००० युरोपर्यंत, दहा माणसांपर्यंतच्या धंद्याला १५,००० युरोपर्यंत. केंद्र सरकारच्या नियमानुसार हे पैसे जागेचं भाडं, यंत्रांचे हप्ते अशा चालू खर्चासाठी होते, घरखर्चासाठी नव्हते. घरात बसून एका संगणकावर काम करणाऱ्या भाषांतरकाराला धंद्याचा खर्च असा कितीसा असणार? त्याची खरी गरज पोटाची होती, आणि त्यासाठी त्याला गरिबांसाठीच्या मूलभूत भत्त्याकडे जायला सांगितलं गेलं. २०२१ मध्ये एकट्याने काम करणाऱ्यांसाठी ‘नॉयस्टार्टहिल्फे’ आली तेव्हा कुठे खर्चाऐवजी आधीच्या उलाढालीवर रक्कम ठरू लागली.

नियमात ‘मिळकत’ लिहिलंय. म्हणजे उलाढाल की नफा?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. उलाढाल म्हणजे गिऱ्हाइकांकडून आलेले एकूण पैसे. नफा म्हणजे त्यातून माल, भाडं, इंधन, दुरुस्ती वजा जाता उरलेले. बोलताना आपण दोन्हींना ‘कमाई’च म्हणतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

कॅनडात अट अशी होती की २०१९ मध्ये किंवा अर्जाआधीच्या बारा महिन्यांत किमान ५,००० डॉलर मिळकत हवी. अनेक स्वयंरोजगारी लोकांनी एकूण उलाढाल धरली आणि प्रामाणिकपणे अर्ज केला. २०२० संपता संपता कर खात्याने चार लाखांवर लोकांना पत्रं पाठवली की तुमची पात्रता सिद्ध होत नाही. खात्याच्या मते मिळकत म्हणजे खर्च वजा जाता उरलेली रक्कम. सणाच्या तोंडावर हजारो डॉलर परत करण्याची धास्ती लोकांच्या मनात बसली. शेवटी फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने जाहीर केलं की ज्यांची उलाढाल ५,००० डॉलर भरत होती आणि बाकीच्या अटी ज्यांनी पाळल्या होत्या, त्यांना पैसे परत करावे लागणार नाहीत.

एका शब्दाचा अर्थ नीट न सांगितल्याने हे झालं. दोष अर्जदारांचा नव्हता, आणि हे ठामपणे म्हणायला हवं. तरी तुम्ही सावध राहा. नियमात नुसतं ‘उत्पन्न’ किंवा ‘मिळकत’ दिसलं तर हेल्पलाइनला विचारा, उत्तर देणाऱ्याचं नाव आणि तारीख टिपून ठेवा. त्या दिवशीच्या सरकारी पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पानावरचा मजकूर नंतर बदलला जातो.

काम कमी झालं हे सिद्ध कसं करायचं?

बहुतेक ठिकाणी ठरावीक टक्के घट दाखवावी लागते. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात उलाढालीत ३० टक्के घट ही मुख्य अट होती. फ्रान्सच्या एकजूट निधीने आरंभी ७० टक्के घट मागितली आणि पुढे ती ५० टक्क्यांवर आणली. जपानमध्ये २०२० मधला कोणताही एक महिना निवडायचा, आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहायचा, आणि विक्री निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटली असेल तर एकल व्यावसायिकाला १० लाख येनपर्यंत मदत.

घट कशाशी मोजायची, हे पाहिलंत का? आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना असेल तर हंगामी धंद्याला न्याय मिळतो. लग्नसराईत छायाचित्रं काढणाऱ्याची तुलना त्याच्याच मंदीच्या महिन्याशी झाली तर घट दिसणारच नाही. महिना निवडायची मुभा असेल तर सगळे महिने मांडून पाहा, पहिल्याच महिन्यावर अर्ज करून मोकळे होऊ नका.

पुरावा म्हणून विक्रीची वही, बँकेचा उतारा, रद्द झालेल्या कामांचे संदेश आणि ई-मेल, परत केलेले आगाऊ पैसे हे सगळं चालतं. रद्द झालेल्या कामांचे संदेश लोक वैतागून पुसून टाकतात. पुसू नका.

धंदा नुकताच सुरू केला होता. मला काही मिळेल का?

कटू आहे, पण बहुधा सगळ्यात आधी तुम्हीच गळता. ब्रिटनच्या पहिल्या फेरीत २०१८-१९ चं विवरणपत्र हीच पात्रतेची पायरी होती. एप्रिल २०१९ नंतर धंदा सुरू केलेल्यांकडे ते असणं शक्यच नव्हतं. नोकरी सोडून, साठवलेले पैसे घालून ज्यांनी नुकतं काही उभं केलं होतं, ते एका तारखेमुळे बाहेर राहिले. चौथ्या फेरीत, २०२१ च्या वसंतात, २०१९-२० ची विवरणपत्रं धरली गेली तेव्हा त्यांतल्या अनेकांना वाट मिळाली. तोवर वर्ष उलटून गेलं होतं.

यातून एवढं घ्या की पहिल्या फेरीत नाव नाही म्हणून पाठ फिरवू नका. प्रत्येक नव्या फेरीचे नियम पुन्हा वाचा. आणि दरम्यान भरायचं विवरणपत्र मुदतीत भरा, कारण पुढच्या फेरीची कवाडं त्यावरच उघडतात. चौथ्या फेरीसाठी २ मार्च २०२१ पर्यंत विवरणपत्र दाखल झालेलं असणं गरजेचं होतं, आणि ही अट कळली तेव्हा ती तारीख उलटून गेली होती.

अर्धवेळ नोकरी आणि जोडीला स्वतःचं काम, असं असेल तर?

योजनेत ‘मुख्य उत्पन्न’ अशी अट आहे का ते पाहा. ब्रिटनमध्ये किमान अर्धी मिळकत धंद्यातली हवी होती. ४९ टक्के असणारा पूर्ण बाहेर, ५० टक्के असणारा पूर्ण आत. अमेरिकेत थोड्याशा पगाराची नोंद असली की माणूस नेहमीच्या बेरोजगारी भत्त्यात ढकलला जायचा आणि त्याच्या मोठ्या, स्वतंत्र कामाच्या मिळकतीचा विचारच व्हायचा नाही.

मी स्वतःच्याच छोट्या कंपनीतून पैसे घेतो. मी यात येतो का?

अनेकदा नाही. कागदावर तुम्ही कंपनीचे संचालक ठरता. ब्रिटनमध्ये लाभांशाच्या रूपात, म्हणजे कंपनीच्या नफ्यातला वाटा म्हणून, पैसे घेणाऱ्या संचालकांना स्वयंरोजगारी योजनेतून काहीच मिळालं नाही, कारण लाभांश स्वतःच्या कष्टाचा की गुंतवणुकीचा हे कर खात्याला ओळखता येत नव्हतं.

मी कधी विवरणपत्रच भरलं नाही. रोखीचा धंदा आहे. माझं काय?

जगातल्या बहुसंख्य स्वयंरोजगारी लोकांची हीच स्थिती आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे २०० कोटी लोक असंघटित कामात आहेत. त्यांतल्या बहुतेकांचं सरकारदरबारी कसलंच दप्तर नसतं. त्यांना मदत पोचवणं अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांनी टोगो या पश्चिम आफ्रिकेतल्या लहानशा देशाकडे पाहावं.

टोगोने ८ एप्रिल २०२० ला ‘नोविसी’ योजना सुरू केली. विवरणपत्र नाही, बँक खातं नाही, स्मार्टफोनचीही गरज नाही. साध्या फोनवर एक लघुक्रमांक दाबायचा, मतदार ओळखपत्राची माहिती द्यायची, आणि पैसे मोबाइलच्या पाकिटात. मतदार नोंदणीत लोकांनी आपला व्यवसाय सांगितलेला होता, त्याचा इथे उपयोग झाला. बायकांना महिन्याला १२,२५० फ्रँक आणि पुरुषांना १०,५०० फ्रँक, दोन हप्त्यांत. घर चालवण्याचा भार बायकांवर जास्त असतो, म्हणून त्यांना जास्त. संकटात नव्याने यंत्रणा न उभारता जी यादी आधीच हाताशी आहे ती वापरायची, हे मला त्या काळातलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं.

ब्राझीलने ‘आउशिलियो एमर्जेन्सियाल’ या नावाने महिन्याला ६०० रेआल दिले, आणि एकट्या आईला त्याच्या दुप्पट. आधीच्या कुठल्याही सरकारी यादीत नसलेले कोट्यवधी लोक अ‍ॅपवरून नोंदले गेले. एकूण सहा कोटींहून अधिक माणसांपर्यंत ही रक्कम पोचली.

तुमच्यापुरतं सांगायचं तर विवरणपत्र नसेल तेव्हा दुसरा एखादा कागद हाच आधार असतो. धंद्याचा परवाना, बॅज, संघटनेचं सभासदत्व, पालिकेच्या सर्वेक्षणातलं नाव, असंघटित कामगार म्हणून केलेली नोंदणी, यातलं जे असेल ते बाहेर काढा.

भारतात अशा लोकांना काय मिळालं होतं?

देशभर सगळ्या स्वयंरोजगारी लोकांची बुडालेली मिळकत भरून देणारी योजना निघाली नाही. तुकड्या-तुकड्यांनी मदत आली. महिलांच्या जनधन खात्यांत एप्रिल ते जून २०२० असे तीन महिने दरमहा ५०० रुपये जमा झाले. पथविक्रेत्यांसाठी १ जून २०२० ला पंतप्रधान स्वनिधी योजना सुरू झाली. पण ते १०,००० रुपयांचं खेळतं भांडवल कर्जाऊ होतं, वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज-अनुदान. कर्जाने धंदा पुन्हा उभा राहायला मदत होते, पण बंद काळातलं रेशन कर्जाने भरावं लागणं वेगळं. हा फरक पुसला जाऊ नये.

राज्यांनी आपापल्या परीने दिलं. कर्नाटकने मे २०२० मध्ये रिक्षा-टॅक्सीचालक, नाभिक आणि धोबी यांना ५,००० रुपये जाहीर केले. दिल्लीने बॅजधारक चालकांना ५,००० रुपये दिले. महाराष्ट्राने एप्रिल २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी नोंदणीकृत फेरीवाल्यांना आणि परवानाधारक रिक्षाचालकांना १,५०० रुपये जाहीर केले.

‘परवानाधारक’ आणि ‘बॅजधारक’ या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. परवाना गाडीचा असतो, बॅज चालवणाऱ्याचा. दुसऱ्याची रिक्षा दिवसाच्या भाड्याने चालवणाऱ्याकडे बॅज असतो, परवाना नसतो. गाडी बंद पडल्यावर त्याचीच चूल आधी थंड होते, आणि परवान्यावर दिलेली मदत त्याच्यापर्यंत पोचत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम पोर्टल सुरू झालं. नोंदणी नसेल तर करून ठेवा. नोंदणी म्हणजे मदतीची हमी नव्हे, पण यादीत नाव असणं ही पहिली पायरी आहे.

मदत चालू असताना थोडंफार काम केलं तर चालतं का?

योजनेवर अवलंबून आहे, आणि इथे चूक झाली तर महागात पडते. ब्रिटनमध्ये काम चालू ठेवायला हरकत नव्हती. कॅनडात चार आठवड्यांच्या काळात १,००० डॉलरपर्यंत कमावता येत होतं, त्यावर एक डॉलर गेला तर पूर्ण रक्कम धोक्यात. आयर्लंडने स्वयंरोजगारी लोकांना आठ आठवड्यांत ९६० युरोपर्यंत कमावण्याची मुभा दिली. ती आठवड्याच्या मर्यादेपेक्षा बरी, कारण असल्या कामात पैसे कधी एकदम येतात, कधी येतच नाहीत.

कामाचे पैसे हाती आलेली तारीख धरायची की काम केलेली तारीख, हेही विचारून घ्या. संकटापूर्वी केलेल्या कामाचं बिल मदतीच्या महिन्यात चुकतं झालं म्हणून लोक अडचणीत आले आहेत.

या पैशांवर कर लागतो का?

बऱ्याच देशांत लागतो. ब्रिटनमधलं अनुदान करपात्र होतं आणि त्यावर राष्ट्रीय विम्याचा, म्हणजे तिथल्या समाजसुरक्षेचा, भरणाही होता. कॅनडाच्या त्या २,००० डॉलरच्या योजनेतही कर लागू होता, पण देताना कापला नव्हता. पुढच्या वर्षी कराची रक्कम पाहून लोकांच्या पोटात गोळा आला. शक्य असेल तर आलेल्या रकमेतला काही भाग वेगळ्या खात्यात ठेवा. ज्याच्या घरात तेवढीही सवड नसेल, त्याने निदान आकडा लिहून ठेवावा आणि कर खात्याकडे हप्ते मागण्याची तयारी ठेवावी. हप्ते मागण्यात कसलाही कमीपणा नाही.

पैसे परत मागितले तर?

घाबरून लगेच भरू नका आणि पत्र दुर्लक्षून गप्पही बसू नका. आधी पत्र खरं आहे का ते पाहा. मग कोणत्या अटीवर हरकत आहे ते शोधा. पात्रता नव्हती, रक्कम जास्त गेली, की फक्त कागद हवे आहेत? या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. मुदत संपण्याआधी लेखी उत्तर द्या.

लढणं वाया जात नाही, हे जर्मनीतल्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात दिसलं. तिथे तातडीची मदत आधी सरसकट दिली गेली आणि नंतर धंद्यात प्रत्यक्ष तूट किती आली याचा हिशेब मागून फरकाची वसुली सुरू झाली. लोक न्यायालयात गेले. मार्च २०२३ मध्ये राज्याच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने त्या वसुलीच्या नोटिसा बेकायदा ठरवल्या. मंजुरीच्या मूळ पत्रात जे बांधून घेतलं नव्हतं, ते नंतर बदलून माणसावर लादता येत नाही. म्हणूनच मंजुरीचं पहिलं पत्र जपून ठेवा, त्याचीच गरज पडते.

आणि खरोखरच चूक तुमची असेल, तर स्वतःहून कळवा. आपणहून सांगणाऱ्याला आणि पकडला गेलेल्याला सहसा एकाच मापाने मोजत नाहीत.

अर्ज करताना संकेतस्थळ बंद पडलं, किंवा फसवणुकीची भीती वाटते.

पहिल्या दिवशी गर्दी होतेच. १ एप्रिल २०२० ला इटलीच्या समाजसुरक्षा संस्थेचं संकेतस्थळ कोलमडलं, आणि त्या गोंधळात काहींना स्वतःच्या खात्याऐवजी परक्यांची माहिती दिसू लागली. पैसे ‘आधी येईल त्याला आधी’ या तत्त्वावर नसतील तर पहिल्याच तासाला झुंबड करण्यात अर्थ नाही. रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करा.

फसवणूक मात्र खरीच होते. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात एप्रिल २०२० मध्ये हुबेहूब सरकारी दिसणारी बनावट संकेतस्थळं निघाली. लोकांनी तिथे भरलेली माहिती चोरांनी वापरली, आणि सरकारला काही दिवस पैसे देणंच थांबवावं लागलं. संदेशातल्या दुव्यावर टिचकी मारू नका, पत्ता स्वतः टाइप करा. अर्जासाठी फी मागणारा, ओटीपी विचारणारा, ‘आजच शेवटचा दिवस’ म्हणून घाई करणारा माणूस सरकारचा नसतो.

अर्ज नामंजूर झाला.

कारण लेखी मागा. खूपदा ते क्षुल्लक असतं. नावाचं स्पेलिंग बँकेत एक आणि ओळखपत्रावर दुसरं, जुना फोन क्रमांक, बंद पडलेलं खातं. ते दुरुस्त करून पुन्हा अर्ज करा. कारण पात्रतेचं असेल तर फेरविचाराची मुदत पाहा. मुदत गेली की न्याय्य बाजूही लंगडी पडते.

अशी मदत घ्यायला संकोच वाटतो. माझ्यापेक्षा गरजू कितीतरी आहेत.

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. आयुष्यभर कुणापुढे हात न पसरलेली माणसं असतात ही. त्यांना एकच सांगते. तुमचं दुकान, तुमची गाडी, तुमची शिकवणी तुमच्या आळसाने बंद पडलेली नाही. सगळ्यांच्या जिवासाठी ती बंद ठेवा असं तुम्हाला सांगितलं गेलं, किंवा पुराने ती वाहून नेली. सगळ्यांसाठी सोसलेल्या तोट्यातला वाटा सगळ्यांच्या तिजोरीतून मिळतो आहे. तुम्ही अर्ज केला नाही म्हणून दुसऱ्या गरजूच्या वाट्याला जास्त येतं, असंही बहुतेक योजनांत नसतं. पात्र असाल तर घ्या.

मदत किती काळ चालते?

महिन्या-दोन महिन्यांच्या तुकड्यांत जाहीर होते आणि वाढत जाते, मग एका तारखेला थांबते. ब्रिटनमध्ये पाच फेऱ्या झाल्या आणि शेवटची सप्टेंबर २०२१ मध्ये संपली. ऑस्ट्रेलियाची योजना मार्च २०२१ अखेरीस, नेदरलँड्सची त्याच वर्षी १ ऑक्टोबरला. उत्तरोत्तर अटी कडक होतात. नेदरलँड्सने दुसऱ्या टप्प्यात जोडीदाराची मिळकतही धरायला सुरुवात केली. ब्रिटनने पाचव्या फेरीत उलाढाल ३० टक्क्यांहून कमी घटलेल्यांना ८० ऐवजी ३० टक्केच दिले.

आत्ता काही संकट नाही. काय करून ठेवू?

धंद्याचं खातं घरच्या खात्यापासून वेगळं करा. यानेच निम्मं काम होतं. रोख आलेले पैसेही वहीत तारखेनिशी लिहा. मिळकत कराच्या मर्यादेखाली असली तरी शक्य असेल तर विवरणपत्र भरा. अनेक जण कर वाचवण्यासाठी नफा कमी दाखवतात. मदत त्याच कमी आकड्यावर मोजली जाते, हे त्यांना संकटात कळतं. परवाना, बॅज, नोंदणी यांचं नूतनीकरण रेंगाळू देऊ नका. ओळखपत्र, बँक आणि फोन या तिन्हींवर नाव एकसारखं करून घ्या.

तुमच्या देशात कायमची व्यवस्था आहे का, हेही पाहा. अमेरिकेत मोठी आपत्ती जाहीर झाली की आपत्ती बेरोजगारी साहाय्य मिळतं, आणि त्यात स्वयंरोजगारी लोक आधीपासूनच धरलेले आहेत. स्पेनमध्ये स्वयंरोजगारी माणसाला काम बंद पडल्यास मिळणारा विमा २०१० पासून आहे, आणि २०२० ची तातडीची मदत त्याच चौकटीवर उभी राहिली. जिथे चौकट आधीची असते तिथे संकटात कमी धावपळ होते.

शेजारच्या काकूंना फॉर्म भरता येत नाही. मी भरून देऊ का?

जरूर द्या, पण त्यांच्या शेजारी बसून. खातं त्यांचंच, फोन क्रमांक त्यांचाच, ओटीपी त्यांनी स्वतः वाचून सांगायचा. शेवटचं घोषणापत्र सगळे घाईने पुढे ढकलतात. ते त्यांना समजेल अशा शब्दांत वाचून दाखवा, कारण उद्या प्रश्न आला तर उत्तर त्यांना द्यायचं आहे. अर्जाचा क्रमांक, तारीख आणि हेल्पलाइनचा नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहा, आणि तो कागद त्यांच्या बँकेच्या पासबुकात ठेवून मगच उठा.